बाणाच्या शेपटीखालचा डबा

मित्रांनो, फार बोलायची ताकद आता उरली नाही, तरी सांगतो. मी एक जुना लोखंडी डबा आहे. पलटणीत माझ्यात काडतुसं असायची, तिथून मी भंगारात आलो. अमेरिकेत, नेवाडातल्या ऑर्व्हल स्टॉडर्ड नावाच्या भल्या माणसाने मला घासूनपुसून हिरवा रंग दिला आणि उघड्या माळावरच्या काँक्रीटच्या भल्यामोठ्या बाणाच्या शेपटीखाली, दगडांत दडवलं.

हा बाण फार पूर्वी टपालाच्या विमानांसाठी बांधलेला. वैमानिकाने वरून पाहावा आणि वाट धरावी. पुढे विमानांत वाट दाखवणारी यंत्रं आली, बाणाचा पिवळा रंग उडाला, आणि त्याच्याकडे कोणी बघेना. मग लपवलेले डबे शोधणारी माणसं येऊ लागली. संगणकावर ठिकाण बघून डबा हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं, होता तसाच पुन्हा दडवायचा आणि सापडला की नाही ते संगणकावर लिहायचं, हा त्यांचा खेळ.

ऑर्व्हलने माझ्या पोटात एक पितळी विमान ठेवलं. ज्याला सापडेल त्याने ते पश्चिमेकडच्या पुढच्या डब्यात न्यायचं. असं हातोहाती ते समुद्रापर्यंत पोचावं, एवढीच त्याची इच्छा. थोड्याच दिवसांत तो देवाघरी गेला.

त्याच वर्षी पावसाने शेजारची कड ढासळली आणि माझ्यावर मोठा दगड बसला. त्यानंतर डबे शोधणाऱ्यांपैकी ड्वेन आणि त्याची बायको टॅमी आली. खूप शोधलं.

“नाही रे इथे,” टॅमी म्हणाली. “नाही सापडला असं लिही आणि चल.”

“एवढी धूळ खाल्ली ती हे लिहायला? तुझा भाऊ वर्षभर चिडवेल मला.” ड्वेनने औषधाची रिकामी बाटली काढली, तीत कागद घातला आणि बाणाच्या टोकाशी ठेवली. “हा बघ, सापडला.”

“ठेवलास तूच, सापडला तुलाच. मोठा शिकारी माझा.”

तेव्हापासून येईल त्याला बाटलीच सापडे. माणसं हसत परत जात. मी हाकेच्या अंतरावर, पण हाक कशी मारू? वर्षं गेली, बिजागरी गंजली, विमान अंधारात पडून राहिलं.

घरी ऑर्व्हलची बायको वेरला रोज संगणकावर बघायची. लोक लिहीत, डबा सापडला. विमान पुढच्या डब्यात पोचल्याचं मात्र कोणी लिहीत नव्हतं. कोणीतरी चोरलं असं तिने धरलं. शेवटी गेल्या वर्षी बहिणीला, नेल्डाला घेऊन ती काठी टेकत आली.

“बाटली? ही आमची नव्हे,” वेरला म्हणाली आणि ऑर्व्हलने सांगितलेल्या शेपटीखालच्या दगडांशी येऊन खाली बसू लागली.

“खाली बसलीस तर उठवायला क्रेन लागेल, बाई.”

“तू आहेस की क्रेनएवढी. तो दगड ढकल आधी.”

दगड हलला. काठी माझ्यावर टणकन वाजली. वेरलाने झाकण उघडून विमान हातात घेतलं.

“घरी ने गं,” नेल्डा हळूच म्हणाली. “त्याची आठवण आहे.”

“इतकी वर्षं लोकांना चोर म्हटलं. आता घरी नेलं तर चोर मीच की.”

तिने विमान पदराने पुसावं तसं स्वेटरच्या बाहीने पुसलं, माझ्यात ठेवलं आणि बाटली पिशवीत टाकली. पुढच्याच आठवड्यात एक जोडपं ते विमान घेऊन पश्चिमेला गेलं.

मी आता रिकामा आहे, दमलो आहे. एवढंच मागतो, मित्रांनो. शोधून नाही सापडलं, तर ‘नाही सापडलं’ असंच लिहा. ड्वेनने तेवढं लिहिलं असतं, तर वेरला तेव्हाच धावत आली असती. तेव्हा तिला काठी लागत नव्हती.