दुर्गाच्या तळपायाची नागीण

मित्रांनो, मी देवबागचा एक म्हातारा कुत्रा आहे. रंगाने खैरा, म्हणून सगळे मला खैरो म्हणतात. स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. बसलो की पोटात वळवळते, उठलो की अंग खाजते. लोक म्हणतात, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी पायाला नव्हती मित्रांनो, पोटात होती. पण ते मला तरी कुठे ठाऊक होते!

माझा जन्म वाळूत, पालथ्या घातलेल्या होडीखाली झाला. तरुणपणी मी दत्तारामच्या सुकत घातलेल्या मासळीची राखण केली. कावळ्या-मांजरांची जवळ यायची टाप नव्हती. तेव्हा कौतुकाने बांगड्याचे डोके मिळे. आता ‘हाड’ ऐकूनच माझा दिवस उजाडतो. दत्तारामची मुलगी दुर्गा मात्र माझीच. होडीच्या सावलीतली ओलसर वाळू ही आमची जागा. ती अनवाणी भातुकली मांडायची, मी शेजारी लोळायचो. माझे सगळे विधीही तिथेच, लाज कसली!

गेल्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, पावसाळा सरल्यावर तिच्या तळपायावर एक लाल, नागमोडी रेघ उठली. दुसऱ्या दिवशी पाहावे तर ती पुढे सरकलेली.

“आये, ह्या आतसून चलता गो!” दुर्गा रडू लागली.

शेजारच्या काशीबाईंनी पाय पाहिला आणि कपाळाला हात लावला. “यशोदे, ही नागीण! तोंड शेपडेक लागला तर चेडू हातचा जातला.”

अंगावर पुरळाची माळ उठली की आमच्याकडे तिला नागीण म्हणतात. तिचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो, असे मानतात. काशीबाईंनी रेघेपुढे गेरूचा जाड पट्टा ओढला. सकाळी रेघ गेरू ओलांडून गेली होती. यशोदेने, दुर्गाच्या आईने, हंबरडा फोडला. मी अंगणातून होडीकडे, होडीकडून अंगणात नुसता फिरत राहिलो. माझे माणूस जाणार होते आणि मला भुंकण्यापलीकडे काही येत नव्हते.

दत्तारामने तिला मालवणच्या डॉक्टरांकडे नेले. परत आला तो दोर घेऊनच माझ्याकडे वळला.

“नागीण कसली! ह्येच्या पोटातलो जंत तो. ह्येच्या घाणीतसून वाळूत, वाळूतसून चेडवाच्या पायात. माणसाच्या अंगात तेका वाट गावणा नाय, म्हणान कातडेखाल फिरता. ह्येका आत्ताच खाडयेपलीकडे सोडून येतंय!”

गळ्यात दोर पडला. मी चारही पाय वाळूत रोवले.

“बाबा, डॉक्टरांनी तेका औषद दिवक सांगितल्यानी, सोडूक नाय!” दुर्गा ओरडली.

“खरा ता,” यशोदा म्हणाली. “ह्येका सोडलास तर दुसरो येतलो. वाळू तीच आणि पाय उघडेच.”

दत्तारामने माझ्या गळ्यातला दोर सोडला.

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी बांगड्याचे डोके मिळाले. आत कडू गोळी होती. मी ती थुंकून टाकली, त्यांनी पुन्हा कोंबली. दुर्गाची रेघही औषधाने हळूहळू विरली. माझी घाण आता दत्ताराम कुरकुरत का होईना, उचलून लांब खड्ड्यात पुरतो.

दुर्गा पुन्हा होडीजवळ आली ती रबरी चपला घालून. मी धावत जाऊन पाय चाटायला गेलो, तर तिने पाय मागे घेतला. मनाला लागले मित्रांनो, फार लागले.

“रागाव नको हां खैऱ्या,” ती म्हणाली. “तुका परत गोळी घेवची आसा.”

मित्रांनो, आमच्या पोटात काय चालले आहे ते आम्हाला सांगता येत नाही. आम्ही नुसते फिरत राहतो. असा फिरणारा कुत्रा दिसला तर दगड उचलू नका. आधी पायात चपला घाला, आणि मग घरच्या मोठ्यांना विचारा, ह्याला औषध कधी दिले होते?