शिवणखोलीची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. सुताराने मला दोन झडपा लावल्या, निळा रंग दिला आणि कपडे शिवण्याच्या एका लांबट खोलीत बसवलं. सकाळचं ऊन माझ्यातून आत यायचं. त्यात सुताचे बारीक तंतू तरंगायचे आणि नऊ मशिनींची घरघर ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा.

खोलीचा सगळा कारभार कापणाऱ्या मास्तरांकडे. माणूस भारी टापटिपीचा. एकदा वाऱ्याने त्यांचे कागदी नमुने उडवले आणि त्या गोंधळात बाहीच्या जागी कॉलर कापली गेली. मास्तरांनी मला दोन खिळे ठोकले. पुढची सहा वर्षं मी नुसती भिंत होते. काचेपलीकडून ढग जायचे, ते बघत राहायची.

एका थंडीत इस्त्रीवाले काका तापाने फणफणत कामावर आले. आजवर त्यांचा एकही खाडा नव्हता. सगळ्यांनी त्यांचं कौतुकच केलं. त्यांचा खोकला बंद खोलीत फिरत राहिला. माझ्या काचेवर सगळ्यांच्या श्वासांची वाफ धरायची. आधी शिवणाऱ्या दोघी बहिणी आडव्या झाल्या. मग काज-बटणं करणाऱ्या मास्तरीणबाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. श्वास पुरेना. पाठोपाठ आणखी चौघी आजारी पडल्या आणि खोलीत सात मशिनी मुक्या झाल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना खोलीबद्दल, तिच्यातल्या कोंदट हवेबद्दल खोदून खोदून विचारलं. मास्तर तिथून आले ते पक्कड घेऊनच. खिळे निघाले, पण मी फुगून बसले होते. शेवटी त्यांनी खांदा लावला. वारा आत आला, तसे ते माझ्या चौकटीला कपाळ टेकून उभे राहिले.

"तिचा श्वास मीच कोंडला," ते पुटपुटले. ते फक्त मलाच ऐकू गेलं.

मास्तरीणबाई महिन्याभराने परतल्या, जरा वाळलेल्या, पण हसऱ्या. तोवर मशिनी लांब लांब सरकल्या होत्या. दाराशी साबण आला होता, प्रत्येकाचा पेला वेगळा झाला होता. ताप असेल त्याने घरी थांबायचं, असंही ठरलं. काकांना मात्र ते पटत नव्हतं. घरी बसणं म्हणजे कामचुकारपणा, असं ते म्हणत.

पुढच्या थंडीत एका शाळेच्या नव्या गणवेशांची घाई आली. ऐन घाईत एका सकाळी मास्तर आत आलेच नाहीत. तोंडाला रुमाल बांधून ते माझ्याबाहेर लांब उभे राहिले आणि त्यांनी काकांना हाक मारली.

"काका, पहाटेपासून अंग तापलंय. खोली तुम्ही सांभाळा."

"अहो, पण गणवेशांना उशीर होईल."

"होऊ दे. कपडे उशिरा गेले तर चालतील. माणूस गेला तर काय करायचं?"

मास्तर गेले. काका बराच वेळ त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. दुपारी ते दोघी बहिणींतल्या धाकटीच्या मशिनीपाशी गेले. ती सकाळपासून पदराआड खोकत होती.

"पोरी, घरी जा," ते हळूच म्हणाले. "मशीन कुठे पळून जात नाही."

गणवेश चार दिवस उशिरा गेले. त्या थंडीत खोलीतलं दुसरं कुणी आजारी पडलं नाही.

मित्रांनो, आता मी दिवसभर उघडी असते. तुमच्या वर्गातही माझी एखादी बहीण असेल. तिला कोंडून ठेवू नका. आणि अंगात ताप असेल, तर तो लपवून कुणाशेजारी जाऊन बसू नका.