छै साय

तीन वर्षांनी जहाजावरून कमलनगरला सुट्टीवर आलेला भीमराज चुलीपाशी बसून बायकोला आपल्या चिनी सोबत्यांची कँटोनीज शिकवायला लागला. "म्हण, छै साय."

"साय? दूध कुठं हाय घरात?" शोभाबाई करवादली.

"ती साय न्हाई गं! जेवायला समदी माणसं जमली, एकबी कमी न्हाई, की जहाजावर म्हणतेत, छै साय."

शोभाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं तिनं रोज एक ताट कमीच मांडलं होतं.

"मराठी, कानडी, उर्दू येतंय मला, आता हे बी शिकले. पर परवा तुम्ही पुन्हा जायलाव. मग ह्या घरात छै साय कवा म्हणू, तेवढं सांगून जावा!"