एका तासात दहाच्या आत

पहिल्या मोजणीत माझे दोनशे बारा आले.

नीट सांगते. मी बालवाडीत लहान गटाची बाई आहे, बावीस वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी आमच्या शाळेने ठरवलं की इथून पुढे मुलांच्या कलाने शिकवायचं. मुलं ठरवणार, आम्ही मागोमाग जाणार. माझी काही हरकत नव्हती. पण मागोमाग कसं जायचं हे शिकायला दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्हा बायांचं प्रशिक्षण असतं, आणि ते कधीच संपत नाही. 'निरंतर' असं त्याच्या नावातच आहे. पहिल्या वर्षी आम्हाला वर्गभर रांगायला लावलं, मुलांच्या उंचीवरून जग कसं दिसतं ते कळावं म्हणून. मला टेबलाखाली चिकटवलेलं च्युइंगम दिसलं. दुसऱ्या वर्षी प्रत्येकीने एक दगड हातात घेऊन पाऊण तास त्याच्याबद्दल कुतूहल बाळगायचं होतं. माझ्या शेजारच्या बाई दगड धरून चक्क झोपल्या. त्यांना शेरा मिळाला, 'विषयाशी एकरूप'.

हे सगळं घेणाऱ्या प्रशिक्षक मॅडम अतिशय मऊ बोलतात. त्या रागवत नाहीत, 'नोंद घेतात'. यंदा त्यांनी मोजणी आणली. वर्गात एक बाई काम करणार आणि दुसरी कोपऱ्यात बसून मोजणार. मोजायला अंगठ्याने दाबायचं एक छोटं यंत्र. 'बस' म्हटलं की टिक्. 'धावू नको' म्हटलं की टिक्. मुलाचा हात धरून बाजूला केला तरी टिक्, कारण तीही न बोलता दिलेली सूचनाच. वर्षअखेरच्या तासात दहाच्या आत आलं पाहिजे. मुलाच्या जिवाला धोका असेल तेवढी सूट. ज्या बाईला जमणार नाही तिच्याकडचा वर्ग काढून तिला कार्यालयात बसवणार.

कार्यालयात एक खुर्ची, एक फोन आणि एक प्लास्टिकचं झाड आहे. मी त्या झाडाला काय सांगणार होते?

त्यात माझी मोजणी कोणाकडे यावी, तर मोठ्या गटाच्या बाईंकडे. मोठ्या गटाच्या बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. चौदा वर्षं स्वयंपाकघरात माझ्या सूचना निमूटपणे ऐकत आलेली बाई, तिच्या हातात मॅडमनी ते यंत्र दिलं. मी तिचा चेहरा बघितला. देव भेटल्यासारखी उभी होती.

"अगदी प्रामाणिकपणे मोजीन हं वहिनी," ती म्हणाली.

आणि मोजलं की हो तिने. दोनशे बारा. मी म्हटलं, "काहीच्या काही मोजू नको, दाखव इकडे, आधी शून्यावर आण." तिने त्यातले तीन मोजले आणि म्हणाली, "आता दोनशे पंधरा."

मग सराव म्हणून आम्ही यंत्र घरी आणायला लागलो. ही माझीच दुर्बुद्धी. सकाळचा चहा होईपर्यंत एक्केचाळीस. आमच्या घरातले थोरले, म्हणजे माझा नवरा, पेपरमागून म्हणाले, "हे यंत्र पंचवीस वर्षांपूर्वी कुठे होतं?" मी त्यांना पेपर घडी घालून ठेवायला सांगितलं. बेचाळीस.

यातून सुटायचा मार्ग मॅडमनीच शिकवला होता. सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा. प्रश्न मोजत नाहीत. पण प्रश्न खुला हवा, मुलाला विचार करायला लावणारा. मी घरी करून पाहिलं. नवऱ्याला अगदी गोड आवाजात विचारलं, "न्हाणीघरातला दिवा तसाच चालू राहिला, तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?"

ते विचार करून म्हणाले, "उजेड राहील."

आणि गेले झोपायला. जाऊ तोंडात पदर कोंबून हसत होती. पण मला खरं दुःख वेगळ्याच गोष्टीचं झालं. मी बोलायची थांबले आणि घराचं काहीच अडलं नाही. भाताला पाणी बरोबर पडलं, दूध उतू गेलं नाही, डबे वेळेत भरले. मग इतकी वर्षं मी करत काय होते? वर्गातही असंच झालं तर मग माझी गरज ती काय? हे मी कोणाला बोलले नाही. पण हळूहळू आकडा खाली यायला लागला. शंभर. साठ. एकोणीस.

वर्षअखेरचा तास आला. मॅडम स्वतः आल्या आणि बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसल्या. त्यांची पर्स, चांगली चामड्याची, उघडी, खुर्चीमागे जमिनीवर होती. जाऊ कोपऱ्यात यंत्र घेऊन. नियम असा की निरीक्षक वर्गात नाहीतच असं समजायचं. त्यांच्याकडे बघायचं नाही, बोलायचं तर नाहीच.

पहिल्या दहा मिनिटांत माझे चार गेले. घाबरले की मी जास्त बोलते. मग मी जमिनीवरच बसले, हात मांडीखाली दाबून. दोन भावंडांनी रंगाच्या डब्यात एकमेकांचे बूट बुडवले, मी विचारलं, "आता पावलं कोणत्या रंगाची उमटतील?" मॅडमनी मान डोलावली. एकाने मणी नाकात घातला, तो मी काढला. जिवाला धोका, सूट. तरी पंचावन्न मिनिटांत नऊ झाले होते. अजून एक, की माझा वर्ग गेला.

आणि तेव्हा मुकादम उठली.

मुकादम साडेतीन वर्षांची. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदावर आहे, पण तिचं चालणं बघून सगळी शाळा तिला मुकादमच म्हणते. तिने पाण्याच्या टबातून जग भरला, दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि मॅडमच्या खुर्चीमागे जाऊन पर्समध्ये ओतला.

ती परत टबाकडे गेली. अडवावं तर दहावी सूचना. जग हातातून घ्यावा तरी दहावी. मॅडमना सांगावं, तर मॅडम वर्गात नाहीत. मुलाला धोका असेल तर सूट होती, पर्सला धोका असेल तर काय, याबद्दल नियमावली गप्प होती.

मी आवाज शक्य तितका शांत ठेवून विचारलं, "तू काय करते आहेस, सांगशील मला?"

"भरते," मुकादम म्हणाली आणि दुसरा जग ओतला.

मॅडम खाली मान घालून वहीत भराभर लिहीत होत्या. "सुंदर," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"हे पाणी जिथे जातंय, तिथे आधी काय असेल असं तुला वाटतं?" मी जरा मोठ्याने विचारलं. मॅडमच्या कानावर जावं म्हणून. गेलं. त्यांनी त्या प्रश्नाखाली दोन रेघा मारल्या.

मुकादमने वाकून आत पाहिलं. "चष्मा. आणि बिस्किट. बिस्किट पोहतंय."

"आणि हे ज्यांचं आहे, त्यांना कसं वाटेल?"

"गार वाटेल."

मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "किती गहन संवाद आहे हा." तिसरा जग आला. कोपऱ्यात जाऊ डोळे फाडून माझ्याकडे बघत होती. मी एवढंच विचारलं, "आणि पूर्ण भरलं की मग काय होईल?"

पूर्ण भरलं आणि काय झालं ते सगळ्यांना दिसलं. पाणी काठावरून मॅडमच्या पायांपर्यंत आलं, त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि त्यांचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला.

"अगं ए, थांब. ठेव तो जग. खाली ठेव, खाली. इकडे ये. नाही, तिथेच उभी राहा. हात लावू नको. ते बिस्किट सोड. खाऊ नको ते, थुंक आधी. बाजूला हो. सगळ्यांनी बाजूला व्हा..."

पर्स उचलायला गेल्या तशा घसरल्या आणि पाण्यात बसल्या. बसूनही बोलणं चालूच. आणि कोपऱ्यातून टिक् टिक् टिक्. जाऊचा अंगठा. वर्षभराच्या सवयीने आपोआप चालत होता, तिचं तिलाच कळत नव्हतं.

शेवटी मॅडमनी धाप लागलेल्या आवाजात विचारलं, "आकडा किती?"

"सव्वीस," जाऊ म्हणाली. मग उभी राहिली. "नऊ वहिनींचे. सतरा तुमचे."

"यंत्रावरचा आकडा लिहायचा असतो," मॅडम म्हणाल्या. फॉर्म त्यांच्या मांडीवर होता, भिजलेला. पेन त्यावर टेकवून त्या तशाच बसून राहिल्या. "अकरा वर्षं मी हे शिकवतेय," त्या म्हणाल्या, आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली.

मला बोलायचं होतं, पण घड्याळात अजून दोन मिनिटं होती. मी ओठ चावून बसले. तेवढ्यात मुकादम खुंटीवरचा नॅपकिन ओढून घेऊन आली. मॅडमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हात पुढे कर. बोटांच्या मधेपण पुसायचं. कोपरापर्यंत. रडायचं नाही, सगळं वाळतं."

मॅडमनी हात पुढे केला.

शब्द माझे होते. आवाजसुद्धा माझाच, तो 'कोपरापर्यंत'वर चढणारा. बावीस वर्षं मी बेसिनपाशी उभी राहून दिवसातून तीसदा हे म्हटलंय, आणि मला वाटायचं मुलं ऐकतच नाहीत. मला रडू आवरेना, आणि आवरायचं मनातही आलं नाही.

"आता मान वर. नाक पूस. हळू."

जाऊचा अंगठा यंत्रावर अडखळला. "मॅडम, ह्या सूचना कोणाच्या धरायच्या?"

"ह्या नका मोजू," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी ओल्या फॉर्मवर डाव्या हाताने, वेडंवाकडं, नऊ लिहिलं. उजवा हात अजून मुकादमच्या ताब्यात होता.