नवव्याचं सोनेरी पांघरूण

उपग्रहाला थंडी वाजते हे ज्याला खोटं वाटत असेल, त्यानं मावशींना विचारावं. वर एका अंगानं भाजायचं आणि दुसऱ्या अंगानं गोठायचं, म्हणून पिकं, जंगलं नि पूर न्याहाळणारे देशाचे ते छोटे उपग्रह मावशींनी शिवलेली सोनेरी पांघरुणं लपेटूनच वर गेले होते. एकापाठोपाठ एक आठ, एकेक कपाटाएवढा. मावशी आधी गणवेशांच्या कारखान्यात होत्या. टाका इतका एकसारखा, की एकदा एक माशी त्यांच्या शिवणीवर चढली आणि सुरुवात कुठली नि शेवट कुठला हे न कळून दोन दिवस चालत राहिली. उपग्रह बांधायच्या धूळबंद दालनात माशी शिरलीच कशी, याची चौकशी अजून चालू आहे. म्हणजे गोष्ट खरीच असणार.

पण दोन वर्षांपासून मावशींना सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. दोरा त्या अंदाजानं ओवत. डोळे तपासायचा तक्ता त्यांनी तोंडपाठ केला होता. एकदा तर डॉक्टरांनी तो भिंतीवर टांगायच्या आधीच घडाघडा म्हणून मोकळ्या झाल्या. डॉक्टर हात धूत होते म्हणून निभावलं. चष्मा का नाही लावला? कारखान्यात चष्मा लागलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी घरी बसवत, तो धसका. इथं दालनातली झाडून सगळी माणसं चष्मेवाली होती, पण धसक्याला कुठं डोळे असतात? यजमान गेल्यापासून घराच्या भिंती खायला उठायच्या. काम सुटलं तर त्या भिंती आपल्याला पुरत्या गिळणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

नववा निघायचा दिवस उजाडला. बारा वाजता त्याला उड्डाणतळावर न्यायला गाडी यायची होती. मावशी शेवटचा कोपरा शिवत होत्या आणि तपासनीस त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना सगळे भिंगराव म्हणत. डोळ्याला भिंग, खिशात भिंग. घरी जेवतानाही भाताचं शीतन् शीत तपासतात, अशी वदंता.

"मावशी, टाका जरा डावीकडे झुकलाय."

"टाका सरळ आहे. तुमची मान झुकलीये."

एवढ्यात कट्‌कन सुई मोडली.

तिथला नियम कडक. मोडक्या सुईचे सगळे तुकडे पत्र्याच्या डबीत जमा करायचे. वर गेल्यावर सुटा लोखंडाचा कण तरंगत जाऊन तारांना चिकटला, तर सगळंच मुसळ केरात. मावशींनी चाचपून तुकडे गोळा केले, जुळवून पाहिले. टोक नव्हतं. तिळाएवढं टोक.

भिंगराव तोवर पलीकडे कागदांवर सह्या करायला गेले होते. "झालं का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"झालं," मावशी म्हणून गेल्या. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. बोललं तर शोधाशोध होणार, आणि मग नजरेचं बिंग फुटणार. त्या नवव्याकडे बघत राहिल्या. त्यांना तो नुसता पिवळाधमक धूसर दिसत होता, न्हाऊन पांघरुणात गुंडाळलेल्या पोरासारखा.

"नाही झालं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "सुईचं टोक हरवलंय. आणि मला ते शोधता यायचं नाही. मला दिसत नाही."

प्रकल्पाच्या मोठ्या बाई आल्या. "किती दिवसांपासून दिसत नाही?"

"सहावा शिवला तेव्हापासून."

"म्हणजे सातवा नि आठवा तुम्ही न बघता शिवलात?"

"बघून तर कुणीही शिवेल, बाई."

बाईंनी हसू दाबलं. गाडी थांबवली. भिंग घेऊन आठ माणसं नवव्याभोवती वाकली. तास गेला, टोक काही सापडेना. शेवटी मावशी म्हणाल्या, "मला हात फिरवू द्या." पातळ हातमोजे चढवून त्यांनी डोळे मिटले आणि आईनं तापलेल्या पोराचं अंग चाचपावं तसं वरून खालपर्यंत चाचपलं. एका बाजूला हात थांबला.

"हे काय? इथं माझी शिवण नाही. आणि खाली पोकळ लागतंय."

भिंगराव धावले. बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक. ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा नवव्याचा छोटा डोळा तिथंच होता. त्यावर लावायची नि निघताना आठवणीनं काढायची लाल झाकणं संपली होती, म्हणून परवा भिंगरावांनीच उरलेल्या सोनेरी कापडाचा तुकडा तात्पुरता चिकटवायला सांगितला होता. सोन्यावर सोनं, आठ माणसांची नजर त्यावरून घसरून गेली होती. तसाच वर जाता, तर डोळे झाकून भलतीकडेच तोंड करून बसला असता.

"मावशी," भिंगराव म्हणाले, "आंधळा मीच निघालो."

"असू द्या. पण सुई मोडली तेव्हा माझ्या खांद्यावरून कोण वाकलं होतं? बाही दाखवा बघू."

टोक भिंगरावांच्या उजव्या बाहीत रुतून बसलं होतं.

गाडी तीन वाजता निघाली. मोठ्या बाईंनी दोन हुकूम काढले. यापुढे पांघरूण चढलं की मावशींचा हात फिरल्याशिवाय एकही उपग्रह हलणार नाही, हा पहिला. दुसरा हुकूम मावशींना अजिबात आवडला नाही.

महिन्यानं नवव्याचं पहिलं चित्र आलं. सगळे पडद्यापुढे गोळा झाले. मावशी बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण धुकं फार आहे हो."

भिंगरावांनी मावशींच्या पिशवीतून नव्या चष्म्याची डबी काढली, उघडली आणि मुकाट्यानं पुढे धरली. मावशींनी चष्मा चढवला. नदी दिसली, शेतांचे चौकोन दिसले, त्यांच्यामधले बांध दिसले.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, "हे तर सगळं टाके घातल्यासारखं आहे." मग मान वळवून त्यांनी भिंगरावांना न्याहाळलं. "आणि तुम्ही इतके म्हातारे कधी झालात?"