ओल्या ताटांची रांग

प्रीती मोरिवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनीअर म्हणून लागली, त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. तिच्या वाट्याला पहिलं काम आलं ते मशीनचं नव्हे, कँटीनचं. जेवणाची सुट्टी अर्धा तास, आणि त्यातली वीस मिनिटं रांगेतच जायची. शेवटची माणसं घास कोंबत मशीनकडे पळायची.

"दुसरं काउंटर टाकायला लागेल," मॅनेजर अनीश सर म्हणाले. "कुठे टाकायचं ते बघून सांग."

प्रीतीने जागा मोजली, नकाशा काढला आणि कँटीन सांभाळणाऱ्या अंजनीमावशींना दाखवायला नेला. मावशींनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अगं, मी तर डाव धरून नुसती उभी असते. माणसंच पुढे येत नाहीत. उद्या माझ्या बाजूला उभी राहा नि बघ."

दुसऱ्या दिवशी प्रीती उभी राहिली. नाश्त्याची ताटं धुऊन तशीच एकावर एक रचलेली, पाणी निथळत होतं. जो तो ताट उचलायचा, झटकायचा, खिशातून रुमाल काढून पुसायचा, मग पोळीकडे वळायचा. प्रीतीने मोबाईलवर वेळ मोजली. माणशी सहा-सात सेकंद, आणि जेवणारे एकशे ऐंशी!

"मावशी, ताटं ओली आहेत!"

"मग? धुतल्यावर ओलीच असणार ना!"

आणि दोघींनाही हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी नाश्ता उरकताच ताटं गच्चीवर उन्हात मांडली. जेवायला पहिला आला फिटर धर्मेश. त्याने ताट उचललं आणि "आई गं!" करून सोडलं. ताट खणखणत लांब गेलं.

"मॅडम, पोळ्या यातच भाजायच्या काय?"

सगळी रांग खो खो हसली. प्रीती आधी कानापर्यंत लाल झाली, मग तीही हसत सुटली. त्या दिवशी रांग आणखीच रखडली.

पण संध्याकाळी धर्मेशच तिला शोधत आला. "ऊन कशाला? सावलीत उभी करा, वारा लागू द्या. आमच्याकडे एक जाळीचा रॅक पडलाय."

रॅक घासूनपुसून कँटीनच्या मोठ्या खिडकीत लागला. दुसऱ्या दिवशी एक वाजता सुट्टीची घंटा झाली तेव्हा ताटं कोरडी ठणठणीत होती.

सव्वाला अनीश सर आले. काउंटरसमोर कुणीच नव्हतं.

"जेवण सुरू नाही झालं अजून?"

"वाढून झालं सर," प्रीती म्हणाली.

बाहेर गुलमोहराखाली पोटभर जेवलेल्यांनी अंताक्षरी मांडली होती, आणि धर्मेशचा सूर साफ बेसूर लागला होता. अंजनीमावशींनी स्वतःचं ताट वाढून घेतलं. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच सगळ्यांच्यात बसून गरम भात जेवणार होत्या.

"चल गं पोरी, 'म' आलाय," त्यांनी प्रीतीला हाक मारली. "मला येतंय एक!"