प्लेअरवरची विभूती

ज्या आठवड्यात साक्षीला उभा करायचा, नेमका त्याच आठवड्यात पार्वतम्मांचा डीव्हीडी प्लेअर बंद पडला.

साक्ष कशाची, ते आधी सांगायला हवं. लातुरात त्यांच्या गल्लीतल्या महादेव मंदिरात दर श्रावणात शिवनाम सप्ताह बसतो. रोज संध्याकाळी एक कीर्तन. पार्वतम्मांची नात अक्षरा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कीर्तन आजीजवळ बसून शिकली आहे. यंदा एक दिवस मला द्या, असं तिने सप्ताह कमिटीला विचारलं. कमिटीचे अध्यक्ष गुरुपादप्पा हे डाळ मिलचे मालक, शिवाय अक्षराच्या आईचे, सुकन्याचे, सख्खे चुलते. ते स्वतः घरी आले, चहा प्याले आणि नाही म्हणाले.

"पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाई. पण आपल्या मंदिरात बाईनं कीर्तन केल्याचा पायंडा न्हाई. पायंडा मोडणारा मी कोण?"

"पायंडा हाय," पार्वतम्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "मीच पाडलाय."

गुरुपादप्पांनी कप बशीत ठेवला. "कवा?"

कधी, ते गल्लीतल्या जुन्या माणसांना माहीत होतं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी सप्ताहात बोलावलेल्या महाराजांची जीप चाकूरच्या अलीकडे बंद पडली. मंडप भरलेला, पेटी-मृदंग लावून ठेवलेले आणि उभं राहायला कोणी नाही. पार्वतम्मा देगलूरकडच्या. त्यांचे वडील शिवकीर्तनकार होते आणि लग्न होईपर्यंत त्या वडिलांच्या मागे टाळ घेऊन उभ्या राहिल्या होत्या. "तू राहा की उभी," असं त्यांचे यजमान धोंडप्पा म्हणाले, आणि त्या राहिल्या. पुढच्या वर्षीपासून कमिटीने त्या दिवसाचं नाव काढणंच बंद केलं. कोणी भांडलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. नुसतं विसरून टाकलं. पण कमिटीनेच लावलेल्या शूटिंगवाल्याने त्या दिवशीही कॅमेरा चालू ठेवला होता, आणि त्याची एक तबकडी धोंडप्पांनी मागून घेतली होती. धोंडप्पा आता नाहीत. तबकडी आहे.

"आम्हाला तर काय आठवत न्हाई बा," गुरुपादप्पा म्हणाले.

"तुम्हीच होता की व्याहीबुवा, पहिल्या रांगेत. टाळ्या वाजवून राहिले होते."

"विहीणबाई, वय झालं तुमचं. सपान कोणतं अन् खरं कोणतं, त्यातला फरक कळंना."

"सपनाचं शूटिंग होत नसतंय. सोमवारी बैठक हाय ना तुमची? तिथं टीव्ही हायच. मी मशीन घेऊन येते."

गुरुपादप्पा गेल्यावर पार्वतम्मांनी तबकडी काढली. तिच्यात शिवाचं नाव आहे, म्हणून ती लावण्याआधी तिच्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची, हा त्यांचा नेम. सकाळी लिंगपूजा झाली की कपाळाला, दंडाला, दीक्षेत गुरूने गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाला जशी विभूती लागते, तशी ती तबकडीलाही लागायची. त्यांनी बोटं ओढली, तबकडी आत सरकवली. प्लेअर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. छोट्या खिडकीत हिरवी अक्षरं आली. अक्षराने वाचलं.

"आज्जी, डिस्क नाही म्हणतोय."

"डोळे फुटले का त्याचे? आत्ताच घातली की."

राजशेखर, म्हणजे पार्वतम्मांचा मुलगा, दुकानावरून आला तेव्हा सासू-सून-नात तिघी त्या काळ्या डब्याभोवती बसल्या होत्या. राजशेखरचं जनावरांच्या पेंडीचं दुकान आहे. भांडण त्याला कोणाशीच नको असतं, बायकोच्या चुलत्याशी तर अजिबात नको. त्याने डबा हलवून पाहिला आणि लगेच निकाल दिला.

"आई, याचं आयुष्य संपलं. नवा मागवतो. रविवारच्या आत येईल."

नवा आला. पातळ, हलका, चकचकीत. त्याने तबकडी आत घेतली, क्षणभर विचार केला आणि बाहेर काढून दिली. पुन्हा दिली, पुन्हा बाहेर. राजशेखरने तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही.

"म्हणजे तबकडीच गेली. मशीनचा दोष नव्हताच. चला, विषय संपला."

"तुला लई बरं वाटून राहिलंय," पार्वतम्मा म्हणाल्या.

"मला कशाला बरं वाटेल?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत भंगारवाल्याचा गाडा आला आणि राजशेखरने जुना प्लेअर त्याच्यावर नेऊन ठेवला. पार्वतम्मा पूजेवरून उठल्या, ओल्या हातांनीच बाहेर गेल्या आणि गाड्यावरून तो उचलून आणला. भंगारवाला म्हणाला, "अम्मा, इसमें अब क्या है?" त्या घरात येऊन डबा मांडीवर घेऊन बसल्या.

"आई, हट्ट कशापायी? अक्षराला दुसऱ्या कुठल्या मंदिरात मिळेल कीर्तन. मी बोलतो कुणाशी तरी."

"दुसऱ्या मंदिरात का म्हणून? ह्या मंदिरात मी उभी राहिलेली हाय. तो माणूस माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन म्हणतो की मी नव्हतेच उभी. आता हे मशीन दुरुस्त होणार. न्हाईच झालं तर झालं न्हाई म्हणून सांगीन. पण भंगारात न्हाई जाणार."

राजशेखरने बायकोकडे पाहिलं. सुकन्या पोळी लाटत होती. तिने मान वर केली नाही. "काकांचं मी बघून घेते," ती म्हणाली. "तुम्ही आज दुकान लवकर उघडा."

लातुरातल्या दोन दुकानांनी डबा उघडलासुद्धा नाही. आता हे कोण करतं मावशी, नवा घ्या. तिसऱ्याने मात्र नांदेडच्या वैजनाथचं नाव सांगितलं. वजिराबाद चौकाच्या मागे बसतो, जुन्या लेन्स ठेवतो, मूड असला तर करतो.

आजी-नात एसटीने निघाल्या. प्लेअर टॉवेलात गुंडाळून पार्वतम्मांच्या मांडीवर. अहमदपूरच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "मावशी, गाठोड्यात काय?"

"कीर्तन."

"मग बरं हाय. तुम्हाला अर्धं तिकीट, कीर्तनाला फुकट."

वैजनाथचा मूड नव्हता. तो डीजेवाल्यांच्या एका भल्यामोठ्या अँप्लिफायरमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानेही आधी तेच सांगितलं. "मावशी, खरं सांगू? नवाच घ्या."

"घेतलाय. तो खात न्हाई."

"काय खात नाही?"

अक्षराने तबकडी पुढे केली. वैजनाथने ती उजेडात धरली, भुवई वर गेली आणि अँप्लिफायर बाजूला सरकला. त्याने प्लेअरचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत डोकावून पाहिलं.

"मावशी, यात चूल पेटवली होती का?"

आत सगळीकडे बारीक पांढरी राख बसली होती. ट्रेच्या खाचेत, चाकाच्या दात्यात, आणि लेन्सच्या त्या मुगाएवढ्या काचेवर तर साय धरावी तशी.

"चूल कशाला? इबूत हाय ती," पार्वतम्मा म्हणाल्या.

"इबूत आत कशी गेली?"

"तबकडीला लावते मी. तीन बोटं. रोज न्हाई, बघायची असंल तवाच."

वैजनाथ हसायला लागला. अक्षराने आधी ओठ आवळले, मग तीही हसली. पार्वतम्मा हसल्या नाहीत. पण त्यांनी तबकडी हातात घेतली आणि प्रथमच ती उलटीसुलटी करून नीट पाहिली. ज्या बाजूला त्या बोटं ओढत आल्या होत्या, त्या बाजूला बारीक बारीक रेघांचं जाळं झालं होतं. तीन बोटांच्या अंतराने.

"म्हणजे माझ्याच हातानं झालंय हे," त्या म्हणाल्या.

"देवाच्या भानगडीत मी पडत नाही," वैजनाथ म्हणाला. "पण तबकडीला राख लावायची नसते, एवढं कळतं." त्याने स्पिरिटच्या कापसाने लेन्स पुसली, चाकं ब्रशने झाडली, तबकडी पाण्याने धुऊन मऊ फडक्याने कोरडी केली. आधी दुकानातल्या नव्या मशीनमध्ये घातली. नव्याने ती बाहेर टाकली. मग जुन्यात घातली. जुन्याने घेतली, घरघरला, आणि पडद्यावर चौकटी चौकटी फुटून मंदिराचा मंडप आला.

"असं कसं?" अक्षराने विचारलं.

"घरगुती कॉपी मारलेली आहे. एखादं मशीन घेतं, एखादं नाही. पण पूर्ण चालेल याची गॅरंटी नाही माझ्याकडे. मध्येच थांबेल. कुठे, ते सांगता यायचं नाही."

"थांबंल तिथं बघू," पार्वतम्मा म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात कमिटीची बैठक भरली. पुरुष सतरंजीवर बसले होते. बैठकीला बायका कधी येत नसत. त्या दिवशी आल्या आणि खांबांच्या मागे दाटीवाटीने बसल्या. सुकन्याने दुपारभर घरोघरी हळदीकुंकवाला गेल्यासारखी चक्कर मारली होती. राजशेखर टीव्हीला वायरी जोडत होता. आईने सांगितलं म्हणून जोडत होता, आणि शक्यतो चुलत सासऱ्यांकडे बघत नव्हता.

"बघू द्या विहीणबाईंचा पिक्चर," गुरुपादप्पा मोठ्याने म्हणाले. दोघं-तिघं हसले.

पडदा आधी निळा, मग चौकटींचा झाला. आवाज तुटत होता. सुरुवातीचं नमन गेलंच. मग चित्र जुळलं आणि पार्वतम्मा दिसल्या. हिरवं लुगडं, कपाळभर विभूती, हातात टाळ. बायकांच्या बाजूने कुजबुज झाली. कॅमेरा श्रोत्यांवर फिरला आणि पहिल्या रांगेत थांबला. मधोमध गुरुपादप्पा. डोळे मिटलेले, मान डोलतेय, हात टाळी देतायत.

"अगं बाई, मिशी काळी होती की तवा!" खांबाआडून कोणीतरी म्हणालं. आता सगळेच हसले.

गुरुपादप्पा हसले नाहीत. "हे गाणं झालं. बाया गातच असत्यात. याला कीर्तन म्हणत न्हाईत. कीर्तनात निरूपण लागतं, दृष्टांत लागतो."

पडद्यावरच्या पार्वतम्मा तोवर दृष्टांतावर आल्या होत्या. एका गावात एक म्हातारी होती. रोज पहाटे बेल तोडून महादेवाला न्यायची. पुजारी म्हणायचा, पानं पायरीवर ठेव, मी वाहतो, तुझा हात नको. एके दिवशी पुजारी तापाने पडला. पिंडी दिवसभर कोरडी. म्हातारी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली, बेलाची पाटी हातात, आणि म्हणाली, देवा, पान मोडायला माझा हात चालतो, मग...

चित्र थांबलं. उचललेला हात, उघडं तोंड. प्लेअर घरघरला. राजशेखरने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही झालं नाही.

"गेलं," गुरुपादप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "राजशेखर, मी तुला म्हणलो होतो, जुन्याच्या नादी लागू नको. चला, पुढचा विषय. मंडपवाल्याचं..."

"मग वाहायला का चालत न्हाई?"

ते वाक्य टीव्हीतून आलं नव्हतं. पार्वतम्मा उठून उभ्या राहिल्या होत्या. टाळ सोबत आणले नव्हते, म्हणून त्यांनी हाताने ताल धरला, पदर खोचला आणि पडद्यावरची बाई जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केलं. "म्हातारीनं विचारलं, देवा, पान मोडायला माझा हात चालतो, मग वाहायला का चालत न्हाई? आणि देव काय म्हणला? देव काही म्हणला न्हाई. देव कवाच न्हाई म्हणत नसतो, न्हाई म्हणणारे दुसरेच असत्यात. म्हातारीनं उंबरा ओलांडला अन् बेल वाहिला. बायांनो, लिंग तुमच्या गळ्यात हाय का न्हाई? दीक्षा देताना गुरूनं विचारलं होतं का, बाई हायस का बाप्या? तवा चाललं, ते कीर्तनाला उभं राहताना का चालत न्हाई?"

त्यांनी धृपद उचललं. आवाज सोळा वर्षांपूर्वीचा नव्हता, वरच्या सुराला फाटत होता. अक्षरा उठून त्यांच्या मागे उभी राहिली, त्यांचे वडील गात असताना त्या स्वतः उभ्या राहत तशी, आणि जिथे आजीचा सूर फाटला तिथे तिने तो उचलला. खांबामागून बायकांनी "हर हर महादेव" म्हटलं. कमिटीतल्या एका म्हाताऱ्यानेही म्हटलं, मग गुरुपादप्पांकडे बघून खोकला.

गाणं संपलं तेव्हा टीव्हीवर हात उचललेल्या पार्वतम्मा तशाच थांबलेल्या होत्या.

"बैठकीत कीर्तन करत नसत्यात, विहीणबाई," गुरुपादप्पा म्हणाले.

"झालं की आता. पायंडा दोनदा पडला. दुसऱ्यांदाही तुम्ही पहिल्याच रांगेत होता."

खोकलेला म्हातारा म्हणाला, "शुक्रवारचे महाराज अजून पक्के न्हाईत. शुक्रवार मोकळाच हाय."

"शुक्रवारी मी गावात न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले. "उदगीरला जायचंय."

"जावा की," पार्वतम्मा म्हणाल्या. "महादेव कुठं जात न्हाई."

शुक्रवार अक्षराचा ठरला. गुरुपादप्पांनी त्याला होकार दिला नाही. नकार द्यायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांची नजर खांबांकडे गेली, तिथे त्यांची स्वतःची बायकोही बसली होती, आणि मग त्यांनी मंडपवाल्याचा विषय काढला.

घरी आल्यावर राजशेखरने जुना प्लेअर कपाटावर ठेवला. "आता हा चालायचा नाही फारसा," तो म्हणाला. "नवा परत करू का ठेवू?"

"ठेव तुला पाहिजे तर. शुक्रवारचं शूटिंग त्याच्यात बघ."

दुसऱ्या दिवशी लिंगपूजा झाल्यावर पार्वतम्मा स्टुलावर चढल्या आणि जुन्या प्लेअरच्या झाकणावर त्यांनी विभूतीची तीन बोटं ओढली. राजशेखर दाढी करता करता बघत होता.

"आई, त्या नांदेडच्या मेकॅनिकनं काय सांगितलं होतं?"

"तबकडीला लावू नको म्हणला," पार्वतम्मा स्टुलावरून उतरत म्हणाल्या. "डब्याला लावू नको असं न्हाई म्हणला."